खेळ थांबवल्यावर माणूस करतं काय? बंगळुरूचे तीन दिवस

चरित्र हातात आलं की मी शेवटचं प्रकरण आधी वाचते. सवय वाईट आहे. सांगलीच्या ज्या वाचनालयात मी काम करते तिथले सभासदही मला त्यावरून चिडवतात. पण माझंही एक निरीक्षण आहे. मोठ्या माणसाचं बालपण असतं पन्नास पानांचं, धडपड शंभर पानांची, कीर्ती दोनशे पानांची. आणि कीर्ती ओसरल्यानंतरची अर्धी हयात पाच-सहा पानांत गुंडाळलेली: 'पुढील काळ त्यांनी शांतपणे व्यतीत केला.' अहो, म्हणजे केलं काय? सकाळी उठलं की पहिलं काम कुठलं? भाजी कोण आणायचं? लेखकाला त्यात रस नसतो, मला नेमका त्यातच असतो.

याच चौकश्यांपायी मी गेल्या वर्षी या ब्लॉगवर नलिनीअक्कांबद्दल लिहिलं होतं. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. नलिनीअक्का बंगळुरूच्या, तिथल्याच एका जुन्या मराठी घरातल्या, टेबल टेनिस खेळायच्या. मी अकरा वर्षांची असताना त्या एका स्पर्धेसाठी सांगलीला आल्या होत्या आणि बाबांनी मला सामना बघायला नेलं होतं. निर्णायक गेममध्ये समोरचीचा चेंडू अक्कांच्या बाजूला टेबलाच्या कडेला चाटून गेला, म्हणजे गुण समोरचीचा. पंचांना दिसलं नाही, त्यांनी गुण अक्कांना दिला. अक्कांनी बोट वर केलं, म्हणाल्या, "लागला." गुण समोरचीला गेला आणि अक्का तो सामना हरल्या. पुढे कितीतरी दिवस मी घरात कुणी काही विचारलं की बोट वर करून खरं सांगत होते. आईला त्याचा फार वैताग यायचा.

त्या लेखाखाली एका बाईंची प्रतिक्रिया आली. त्या अक्कांची भाची, सविता. 'आत्याला वाचून दाखवलं, खूप हसली. बंगळुरूला आलात तर घरी या.' मी ते आमंत्रण जपून ठेवलं होतं. यंदाच्या जानेवारीत ते वापरायची वेळ आली.

माझी मुलगी जुई सतरा वर्षांची. आठव्या वर्षापासून टेबल टेनिस खेळते. राज्य पातळीवर नाव आहे, पहाटेचा सराव तिने आजारपण सोडलं तर कधी चुकवला नाही. जानेवारीत एक स्पर्धा जिंकून आली, बॅट कपाटात ठेवली आणि म्हणाली, "आई, बास. यापुढे नाही खेळणार." हरून आली असती तर समजूत काढता आली असती. जिंकून आलेल्या पोरीला काय सांगायचं? मी रागावले, गोड बोलले, अबोला धरला. तिच्या बाबांनी "तुमचं तुम्ही बघा" म्हणून अंग काढून घेतलं. मार्च उजाडला तरी घोडं तिथेच पेंड खात होतं.

शेवटी आमचा करार झाला. तिने माझ्याबरोबर बंगळुरूला यायचं, अक्कांना एकदा भेटायचं. त्यानंतर ती जे ठरवेल त्यावर मी एक अक्षर बोलायचं नाही. तिने करार मान्य केला, कारण तिला बंगळुरू बघायचं होतं. मी मान्य केला, कारण अक्का दोन शब्द बोलल्या की पोर सुतासारखी सरळ येईल याची मला खात्री होती.

आता प्रवासाचं. सांगलीहून दुपारची गाडी पकडली की दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरू. तिकीट महिनाभर आधी काढा, एप्रिलमध्ये झुंबड असते. बेळगावला कुंदा घ्यायला विसरू नका, आणि घेतलात तर वरच्या बर्थवरच्या मुलीच्या हाती डबा देऊ नका. सकाळपर्यंत तळ दिसतो.

माझा धाकटा भाऊ नितीन बेळ्ळंदूरला राहतो, बाराव्या मजल्यावर. तिथल्या एका आयटी कंपनीत आहे. स्टेशनवरून त्याच्या घरी पोचायला टॅक्सीला जेवढा वेळ लागला त्यात सांगलीहून कोल्हापूरला जाऊन अंबाबाईचं दर्शन झालं असतं. ड्रायव्हरला घाई नव्हती. रस्ता अडला की तो मान हलवून "स्वल्प ट्रॅफिक, मेडम" म्हणायचा. स्वल्प म्हणजे थोडं, हे कळल्यावर जुई जी हसत सुटली ती घर येईपर्यंत. नितीनच्या गॅलरीतून तळं दिसतं. लांबून छान आहे. खिडकी उघडली की नितीन म्हणतो, "ताई, व्ह्यू बघ, पण वास इग्नोर कर."

तो दिवस आम्ही झोपून काढला. संध्याकाळी नितीनने मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, प्लॅन काय आहे नक्की? बघ, अक्का बोलल्या आणि तरी ती नाही म्हणाली, तर?"

"नाही म्हणणार नाही," मी म्हटलं.

"पण ॲग्रीमेंट झालंय ना तुमचं? मग सपोज म्हणालीच तर?"

मी त्याला भाकरीचं पीठ मळायला लावलं.

दुसऱ्या दिवशी चिकपेट. बेळ्ळंदूरला अजून मेट्रो नाही, त्यामुळे टॅक्सीने इंदिरानगरपर्यंत जायचं, तिथून जांभळ्या मार्गाने मॅजेस्टिक, मग हिरव्या मार्गावर बदलून एकच स्टेशन. स्वस्त आणि गार. वर आलात की मात्र गाडी, ठेला, हमाल, साड्यांचे गठ्ठे आणि तुम्ही, सगळे एकाच गल्लीत. बूट घाला, पैठणी नेसून जाऊ नका.

मला शाल घ्यायची होती. मोठ्या माणसाच्या घरी जायचं आणि शाल-श्रीफळ न्यायचं नाही, हे आमच्या वाचनालयाच्या संस्कारात बसत नाही. आमच्याकडे वर्षाला किमान डझनभर सत्कार होतात. नारळ मी सांगलीहूनच आणला होता. नारळाच्या मुलखात नारळ घेऊन गेल्याबद्दल नितीन अजून हसतोय.

दुकानदार कन्नडमध्ये बोलत होता. आमचं आपसातलं बोलणं ऐकल्यावर त्याने भाषा बदलली. "मराठी काय? या की ताई, बसा. आमच्या घरी पण मराठीच. चार-पाचशे वर्षं झाली येऊन, पण भांडण अजून मराठीतच होतंय." मग त्याने शालींचे दोन ढीग दाखवले. "सत्काराला ना? ह्या वापरायच्या. ह्या फिरवायच्या."

"फिरवायच्या म्हणजे?"

"ज्याला मिळाली तो दुसऱ्याला घालतो, तो तिसऱ्याला. स्वल्प वर्षांनी माझ्याच दुकानात परत येते. घडीसुद्धा मोडलेली नसते."

आमच्या वाचनालयातल्या शालींच्या कपाटाची मला आठवण झाली आणि मी मुकाट्याने वापरायच्या ढिगाकडे वळले. त्याने पेटाही दाखवला, सत्कारमूर्तीच्या डोक्यावर ठेवायची जरीची म्हैसुरी पगडी. इथे शालीबरोबर ती हवीच, असं त्याचं म्हणणं. मी फक्त शाल घेतली, मोरपंखी रंगाची, पातळ, रेशमी काठाची. जुईने हात फिरवून बघितला. "छान आहे. अक्कांना आवडेल," म्हणाली. मला बरं वाटलं. पोरगी विरघळतेय असं मी मनात म्हटलं.

सविताने संध्याकाळी मांडवात बोलावलं होतं. रामनवमीच्या सुमारास बंगळुरूत ठिकठिकाणी मांडव घालून गाण्याच्या मैफली होतात, काही तर महिनाभर चालतात. हा मांडव चिकपेटेपासून रिक्षाने जवळ, एका शाळेच्या मैदानावर होता. मागच्या खुर्च्या फुकट. गूळ-मिरं-सुंठीचं पानक मिळतं, आणि भिजवलेल्या मूगडाळीची काकडी घातलेली कोसंबरी. दोन द्रोण खाल्ले तर कुणी काही म्हणत नाही, हे मी स्वतः पडताळलं आहे.

अक्का तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. साठीच्या, बुटक्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. मला त्या उंच आठवत होत्या. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "ये गं, बस. स्वल्प सरक, ही पोर पण बसू दे. गाणं झाल्यावर बोलू." बस्स. छत्तीस वर्षांची भक्ती आणि दीड वाक्यात वासलात.

गाणं कर्नाटक पद्धतीचं. मी मिरजेच्या मैफलींवर वाढलेली, जागा आवडली की दाद तोंडातून आपोआप जाते. गायिकेने एक सुंदर तान घेतली आणि मी मोकळ्या गळ्याने "वा!" केलं. पुढच्या दोन रांगा वळल्या. इथे लोक दाद देतात ती मांडीवर. सगळा मांडव एका लयीत ताल मोजत असतो: थाप, बोटं, पालथा हात. जुईने शेजारच्या आजींचं बघून मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळात तिचा हात चुकेनासा झाला. माझा शेवटपर्यंत चुकत होता.

मग मृदंग आणि घटम्, म्हणजे वाजवायचा मातीचा घडा, यांची पाळी आली, आणि निम्मा मांडव उठला. कुणी कॉफीला, कुणी घरी. मला वाटलं, संपलं. मीही पिशवी उचलली. अक्कांनी माझा पदर धरला.

"कुठे? आता तर हे दोघं वाजवणार."

"लोक का जातात मग?" जुईने विचारलं.

"गायिका थांबली की त्यांना वाटतं, मुख्य काम झालं." अक्का मांडीवर ताल धरून होत्या. "मी हे ऐकायलाच येते."

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात ऐकलेल्या उत्तम वादनांपैकी एक ऐकलं. संपेपर्यंत उशीर झाला होता, "उद्या सकाळी घरीच या," अक्का म्हणाल्या. निघताना जुई कोसंबरीच्या द्रोणावर बोटं वाजवत होती.

तिसरा दिवस महत्त्वाचा. मल्लेश्वरमला जायला मॅजेस्टिकवरून उत्तरेकडची गाडी, दोन स्टेशनं. सकाळी जा. फुलांचे ढीग, इडलीचे वास, झाडांची सावली. बेळ्ळंदूर आणि हे एकाच शहरात आहेत यावर विश्वास बसत नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्याने इडली-वडा खाऊन आम्ही अक्कांच्या फ्लॅटवर पोचलो.

घरात एकही ट्रॉफी नव्हती. मी शोधली, लपवत नाही. भिंतभर पुस्तकं होती, कन्नड, इंग्रजी, एक कप्पा जुन्या मराठी पुस्तकांचा, आणि कोपऱ्यात वीणा. सविताने कॉफी आणली, आणि मी इतकी वर्षं साठवलेले प्रश्न काढले. पहिला अर्थातच त्या कडेला लागलेल्या चेंडूचा.

"सांगलीला?" अक्का आठवत राहिल्या. "असेल. कडेला लागला तर सगळेच सांगायचे गं. त्यात काय?"

माझ्या बालपणाचा एक खांब कोसळला, पण गंमत म्हणजे मला त्या जास्त आवडायला लागल्या. मग मी शेवटच्या पाच-सहा पानांचं विचारलं. सकाळी काय करता? "भाजी मीच आणते. मग वीणेची शिकवणी. माझी मास्तरीण सव्वीस वर्षांची आहे, फार ओरडते. मी वाईट वाजवते."

"आत्या, इतकंही वाईट नाही," सविता म्हणाली.

"वाईटच वाजवते. सविताला खोटं बोलायची सवय आहे." अक्का खुशीत होत्या. "लहानपणापासून जे केलं ते जिंकायसाठी. आता कुणी जिंक म्हणत नाही, तर मजा येते."

बोलणं भलत्याच दिशेला चाललं होतं. मी घाईने उठले, पिशवीतून शाल आणि नारळ काढला आणि सत्काराचं भाषण सुरू केलं. मला ते झोपेतही येतं. आदरणीय, आपल्या खेळाने, आमच्या पिढीला.

"थांब, थांब," अक्का म्हणाल्या. "हे कशाबद्दल?"

"तुमच्या कारकिर्दीबद्दल. आणि जुईला तुम्ही दोन शब्द सांगावेत. हिने खेळ सोडायचं ठरवलंय."

शेवटी बोलले एकदाचं. जुईने खाली बघितलं. अक्कांनी तिच्याकडे बघितलं, मग शालीकडे.

"माझे सत्कार खूप झाले," त्या म्हणाल्या. "जिंकून आले की शाल, पेटा, हार. घरात ठेवायला जागा नव्हती. मग एका वर्षी शिबिराचं बोलावणं आलं नाही. मी बॅग भरून बसले होते. आठवडा गेला, महिना गेला. कुणी सांगितलंच नाही की झालं तुझं, ये आता. बॅग कधी रिकामी करायची तेसुद्धा मला कळेना. आईने एक दिवस कपडे काढून धुवायला टाकले, तेव्हा मी रडले." त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "सत्कार तेव्हा पाहिजे होता. थांबले तेव्हा."

मग जुईला म्हणाल्या, "तू किती वर्षं खेळलीस?"

"नऊ."

"कुणी शाल घातली?"

जुईने नाही म्हणून मान हलवली. अक्का माझ्याकडे वळल्या. "तू आणलीस ना? घाल की मग तिला."

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. नव्हत्या. सविताने खुर्ची पुढे ओढली, जुईला त्यात बसवलं, आतून कुंकवाची कोयरी आणली. मी शाल हातात घेऊन उभी. ज्या गोष्टीसाठी मी पोरीला गाडीत घालून इतक्या लांब आणलं होतं, त्याच्या बरोबर उलट काम माझ्या हातून होणार होतं. हात पुढे जाईना. मला अक्कांचा राग आला, अगदी खरा राग. यांना काय जातं? यांनी पहाटे उठून डबे भरले नव्हते, यांनी थंडीत स्कूटर चालवली नव्हती.

जुई खुर्चीत ताठ बसली होती. पाहुणे बघायला आलेल्या मुलीसारखी घाबरलेली. तिला भीती माझी वाटत होती, दुसऱ्या कुणाची नाही, हे मला स्पष्ट दिसलं. मी शाल उलगडली आणि तिच्या खांद्यांवर घातली. नारळ हातात दिला. अक्का आणि सविता, दोघींनी टाळ्या वाजवल्या.

"आता बोल," अक्का म्हणाल्या. "शाल घेतली की बोलावं लागतं. सोडत नाहीत."

जुईने नारळ दोन्ही हातांत फिरवला. मग नारळाकडे बघत म्हणाली, "मला खेळायला आवडायचं. पहिली चार-पाच वर्षं तर खूपच. नंतर जिंकले की मी आधी आईकडे बघायचे. ती इतकी खूश व्हायची. आणि एकदा कळलं की आनंद तिला होतो, मला नुसतं सुटल्यासारखं वाटतं. पुढच्या मॅचपर्यंत. मी हे सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं तिची चूक आहे. तशी नाही. तिच्यामुळेच मी एवढी खेळले. थँक्यू." आणि ती पटकन खाली बसली. बोलताना ती उभी राहिली होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मला वाईट वाटलं. खूप वाटलं, शब्द फिरवून सांगण्यात अर्थ नाही. मी अक्कांच्या पाण्याच्या मडक्यापाशी जाऊन दोन भांडी पाणी प्यायले. सविताने माझ्या पाठीवर हात ठेवला. मागे अक्का जुईला वीणेची तार कशी छेडायची ते दाखवत होत्या, आणि खरंच फार वाईट वाजवत होत्या.

परतीच्या मेट्रोत जुई शाल अंगावर घेऊनच बसली. एप्रिलच्या उकाड्यात. लोक बघत होते. "काढ ती, उकडेल," एवढंच मी म्हणाले, आणि ते करारात बसतं की नाही याचा उरलेल्या प्रवासभर विचार करत बसले. नितीनने दारातच विचारलं, "मग? कन्व्हिन्स झाली?" मी म्हटलं, "हो, मी." तो आम्हाला डोसे खायला घेऊन गेला.

सांगलीला येऊन आता दोन महिने झाले. बंगळुरूला जाणार असाल तर चैत्रात जा, मांडवांत बसा, आणि मृदंगाची पाळी आली की उठू नका. मल्लेश्वरमसाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवा. बेळ्ळंदूरला भाऊ असेल तरच राहा. माझ्यापुरतं म्हणाल तर मी अजूनही पहाटे जागी होते, स्वयंपाकघरात जाते आणि डबा भरायचा नाही हे आठवून परत येते. जुई झोपलेली असते. उठवायचा मोह होतो, अजूनही. काल तिने बाजारातून एक जुना तबला आणलाय, तिचा हा नाद किती दिवस टिकेल ते तिलाच माहीत. मी विचारलेलं नाही.

परवा संध्याकाळी जिल्हा संघटनेच्या सचिवांचा फोन आला. स्पर्धेच्या नावनोंदणीचा शेवटचा दिवस होता आणि जुईचं नाव आलं नव्हतं. आत्तापर्यंत अशा फोनवर मी 'बारावीचं वर्ष आहे', 'मनगट दुखतंय' असं काहीतरी सांगून वेळ मारून नेत होते. परवा सांगितलं, "ती खेळातून निवृत्त झाली."

ते मोठ्याने हसले. "वहिनी, सतराव्या वर्षी कुणी निवृत्त होतं का?"

"झाली. रीतसर सत्कार झाला," मी म्हटलं. "शाल मीच घातली."